मुडदुसाचे डाग

एक्स-रेच्या खोलीत त्या मुलीनं मला सदरा काढायला लावला आणि छाती थंड पत्र्याला टेकवून उभं राहायला सांगितलं. हात कमरेवर, खांदे पुढं, हनुवटी वर. म्हणजे पाठ तिच्याकडं. महिनाभर खोकला हटत नव्हता म्हणून रणधीरनं, माझ्या मुलानं, मला बळंच दवाखान्यात आणलं होतं. तो बाहेर बाकावर मोबाईल बघत बसला होता. मी त्या मुलीला म्हणालो, "बाई, तू जरा समोरच्या अंगाला उभी राहतीस का?" ती हसली. "बाबा, समोर भिंत आहे. मी काय भिंतीत उभी राहू?" मीही हसलो, पण माझी मान आपोआप आत गेली होती. ती खांदे सरळ करायला जवळ आली आणि थांबली. पाठीमागं माणूस थांबला की मला न बघता कळतं. "हे कसले डाग, बाबा?" साठ-पासष्ट वर्षं जे उत्तर देत आलो तेच मी दिलं. "मुडदुसाचे. लहानपणी मुडदूस झाला होता." आमच्याकडं पोर वाळायला लागलं, हातापायाच्या काड्या झाल्या आणि पोट नगाऱ्यासारखं पुढं आलं की मुडदूस झाला म्हणत, आणि सुई तापवून डाग देत. हे तिलाही माहीत होतं. ती म्हणाली, "माझ्या मामालापण दिलेत. पण ते पोटावर असतात, बेंबीच्या भोवती. पाठीवर कुणी देत नाही." एवढंच म्हणाली. मग काचेमागं गेली आणि तिथून तिचा आवाज आला, "श्वास घ्या. धरून ठेवा."

मी श्वास धरला. तिनं सोडा म्हटलेलं मला ऐकू आलं नाही. तिनं दोनदा म्हटलं म्हणे.

रणधीरच्या मोटारसायकलवर मागं बसून घरी येताना माझ्या डोक्यात ते एकच वाक्य फिरत होतं. पाठीवर कुणी देत नाही. बावीस-तेवीस वर्षांची पोरगी, मला आयुष्यात पहिल्यांदा बघितलं तिनं, आणि एका नजरेत तिला कळलं. तिच्याशी माझं भांडण नव्हतं. माझं भांडण त्या गावाशी होतं, जिथं मी उन्हाळ्यात उघडा फिरत होतो, विहिरीवर अंघोळ करत होतो, मारुतीच्या पारावर पालथा पडत होतो. शाळेतला मास्तर, दळण दळणारा, चुलतीकडं रोज ताक न्यायला येणाऱ्या बाया, एवढी सगळी डोळे असलेली माणसं. त्यातल्या एकालाही बेंबी कुठं असते आणि पाठ कुठं असते हे माहीत नव्हतं का? माहीत होतं. म्हणून तर मला राग येतो. अडाणीपणाचा राग येत नाही, मी स्वतः कित्येक वर्षं अडाणी होतो. राग येतो तो त्यांच्या सोयीचा. मुडदूस हा शब्द त्यांना सोयीचा होता. तो म्हटला की पुढं विचारायचं काम नव्हतं. गावानं माझं नावच मुडदुश्या ठेवलं. उत्तरेश्वर हे माझं नाव हजेरीपुरतंही राहिलं नाही, कारण चुलतीनं पहिलीतच मला शाळेतून काढलं आणि हजेरी संपली.

आई गेली तेव्हा मी पाच-सहा वर्षांचा असेन. वडील सोलापूरला गिरणीत होते. त्यांनी मला लोहाऱ्याजवळच्या आमच्या गावी धाकट्या भावाच्या घरी आणून सोडलं. चुलता सकाळी शेतात जायचा तो अंधार पडल्यावर यायचा आणि घरात बायको काय करते यात पडायचा नाही. याला गावात शांत स्वभाव म्हणत. चुलती पार्वतम्मा. सगळं गाव तिला पार्वताव्वा म्हणायचं. तिच्या दारातून कुणी ताक घेतल्याशिवाय गेलं नाही, हे खरं आहे. बाळंतिणीच्या घरी ती स्वतः तूप घेऊन जायची, हेही खरं आहे. मी गोठ्यात झोपायचो. भाकरी मला गोठ्यात यायची, बैलांची वैरण पडल्यावर, आणि कधीकधी विसरायची. भूक लागली की मी पेंडीचा तुकडा चघळायचो. शेंगदाण्याच्या पेंडीचा वास आजही आला की तोंडाला पाणी सुटतं आणि त्याच वेळी मळमळतं, दोन्ही एकदम. एकदा मी उतरंडीतला गुळाचा खडा काढला. ती मागून आली. तिचा पाय वाजत नव्हता. माझ्या कानाला आधी ऐकू आला तो चुलीतून उलथनं ओढल्याचा आवाज. त्यानंतर ते नेहमीचंच झालं. गूळ घेतला म्हणून, दूध सांडलं म्हणून, बघतोस काय म्हणून. नंतर काही कारण लागत नव्हतं. ती रागावलेली नसायची, हे मी कुणाला कसं सांगू? दूध उतू जाऊ नये म्हणून जाळ ओढावा तितक्या शांतपणे ती ते करायची, आणि मग हात धुवून तव्यावरची भाकरी उलटायची, त्याच उलथन्यानं.

डाग देणारा माणूस गावात होता. शंभुलिंग आज्जा. आजूबाजूच्या खेड्यांतून बाया पोरं घेऊन त्याच्याकडं यायच्या. तो सुई तापवायचा, पोटावर मुगाएवढे ठिपके द्यायचा आणि वरून राख लावायचा. एकदा विहिरीवर त्यानं माझी पाठ बघितली. मला जवळ बोलावलं, बोट फिरवलं. माझ्या अंगावर त्या काळात पडलेला तो एकच हात होता जो हळू होता, म्हणून मला तो आजही आठवतो. तो म्हणाला, "हे माझं काम न्हाय." मला वाटलं, आता काहीतरी होईल. आज्जा तसाच ओल्या धोतरानं आमच्या घरी गेला, मी मागं मागं. दारात उभं राहून त्यानं चुलतीला सांगितलं, "पार्वते, काय करायचं ते कर, पर माझ्या नावावर खपवू नको. असलं ओबडधोबड काम मी करत न्हाय. लोक हसतील मला." चुलती म्हणाली, "ताक घ्या, आज्जा." आज्जानं उभ्या उभ्या ताक घेतलं, मिशा पुसल्या आणि गेला. सगळ्या गावात तक्रार घेऊन आलेला तो एकच माणूस, आणि त्याची तक्रार ही होती.

आणि वडील. ते दिवाळीच्या पाडव्याला यायचे. एकदा त्यांनी निळा सदरा आणला. ओसरीवर मला उभं करून जुना काढला, नवा घालायला. मग मला फिरवलं. त्यांची बोटं थांबली. गिरणीच्या तेलाचा वास येणारी ती बोटं माझ्या पाठीपासून वीतभर अंतरावर थांबलेली मला जाणवत होती. आत चुलती पुरण वाटत होती. वडील म्हणाले, "मुडदूस बरा झाला व्हय रं?" मी काही बोललो नाही. त्यांनी मला पुन्हा आपल्याकडं फिरवलं आणि खालून वरपर्यंत सगळी बटणं लावली, गळ्याचंसुद्धा. माझी चुलतीवर जेवढी चीड आहे त्याहून जास्त त्या गळ्याच्या बटणावर आहे.

आम्ही घरी पोचलो तेव्हा वीरभद्र येऊन बसला होता. पार्वतम्माचा मुलगा, माझ्याहून दोन वर्षांनी लहान. आता चांगला सुटला आहे, खुर्ची भरून उरतो. माझी बायको लक्ष्मीबाई त्याला पोहे देत म्हणत होती, "भावजी, डॉक्टरनं साखर वाढलीय सांगितलं ना तुमाला? मग चहात साखर का मागता?" तो म्हणाला, "वैनी, तुमच्या हातची साखर औषध असतीया." मला बघून उठला, वाकून पाया पडला. मी भिंतीकडेची खुर्ची घेतली. घरात माझी जागा तीच, पाठीला भिंत लागेल अशी. एसटीत मी मागच्या बाकावर बसतो, लग्नात मांडवाच्या खांबाला टेकून. डेपोत नोकरी लागली तेव्हा वर्कशॉपमध्ये घेत होते, पण तिथं लोखंड तापवत. मी गाड्या धुवायचं काम मागून घेतलं आणि निवृत्त होईपर्यंत पाण्यात उभा राहिलो. लोकांना वाटलं, येडा आहे.

वीरभद्रनं माझ्या हातात उद्घाटनाची पत्रिका दिली. मी अक्षरं उशिरा शिकलो, डेपोतल्या वर्गात, रणधीर दुसरीत असताना. अजून बोट लावून वाचतो. मातोश्री पार्वतम्मा वसतिगृह. कारखान्यावर ऊस तोडायला जाणाऱ्यांची पोरं गावातच राहावीत, शाळा बुडू नये म्हणून. खाली लिहिलं होतं, आईविना पुतण्याला पोटच्या पोरासारखं वाढवणाऱ्या माउलीच्या स्मरणार्थ. माझं बोट 'पोटच्या'वर आलं आणि तिथंच राहिलं.

"तुमी दोन शब्द बोलायचे बघा, आण्णा," वीरभद्र म्हणाला. "लई न्हाय. आव्वानं कसं सांभाळलं, एवढंच. सूनबाईनं, हर्षालीनं समदं उभं केलंय. सभापती येणारेत."

मी म्हणालो, "वीरभद्रा, मला मुडदूस झाला होता का रे?"

त्याचा चमचा थांबला. "झाला होता की. समद्या गावाला ठाव हाय."

"गावाचं सोड. तुला काय ठाव हाय?"

लक्ष्मी दारात थबकली. रणधीरनं मोबाईल खाली ठेवला. वीरभद्र बशीकडं बघत म्हणाला, "मी बारका होतो, आण्णा."

"बारका होतास. आंधळा नव्हतास."

"मेलेल्या माणसाचं आता काय काढायचं?"

"मेलेल्याचं तूच काढलंस. वसतिगृहावर तिच्या नावाची पाटी मी न्हाय रंगवली."

"आव्वा तुमाला दोन वेळ घालत होती का न्हाय? खरं सांगा."

"कुठं घालत होती?"

"म्हंजे?"

"सैपाकघरात का गोठ्यात?"

वीरभद्रनं पोह्यांची बशी बाजूला सारली. मग त्यानं रडवेल्या, पण चिडक्या आवाजात सांगितलं की पत्रिका वाटून झाल्या, मांडव ठरला, पोरांचे आईबाप कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी ऊसतोडीच्या गाडीत बसणार. "तुमी न्हाय आलात तर लोक काय म्हणतील? तुमच्यावरच तर समदं उभं हाय." हे त्यानं अगदी भोळेपणानं म्हटलं. मला त्याची कीव आली नाही. माझ्या पाठीवर एक बाई देवी होऊन उभी होती, आणि तिचा मुलगा मला म्हणत होता, हलू नका, ती पडेल.

तो गेल्यावर रणधीर गच्चीवर निघून गेला. तो लहान असताना मी त्याला कधी उचललं नाही. कुणी पोर पुढं केलं की मी हात मागं घ्यायचो. वाटायचं, या हातांना काय येतं ते मला माहीत नाही. मी त्याला कधी बोट लावलं नाही, मारायलाही नाही आणि कुरवाळायलाही नाही. पाहुण्यांत तो थट्टेनं सांगतो, "आमचे बाबा म्हणजे लांबून नमस्कार." सगळे हसतात, मीही हसतो. ते हसणंसुद्धा चुलतीच्या खात्यावर मांडायला हवं, कारण पोराला छातीशी धरायची जी ऊब असते म्हणतात ती तिनं माझ्याकडून आधीच काढून घेतली होती, आणि पुढं त्या पोराकडूनही.

लक्ष्मी धुवायला टाकलेल्या कपड्यांचे खिसे तपासत होती. माझ्या बंडीतून तिनं वाळलेला भाकरीचा तुकडा काढला आणि नेहमीसारखा कट्ट्यावर ठेवला. लग्न झाल्यापासून ती हे तुकडे काढते आहे. पहिल्या वर्षी तिला वाटलं, मी तिच्या स्वयंपाकाला नावं ठेवतो.

मी म्हणालो, "तुला काय वाटत होतं, कसले डाग हायेत?"

"तुमी मुडदुसाचे म्हनला."

"तुला काय वाटत होतं?"

ती बादलीपाशी खाली बसली. "एवढी वर्षं तेल चोळतीया मी त्या पाठीला. उलथनं मीबी रोज हातात धरते. त्याचं टोक कसं असतं मला ठाव न्हाय व्हय?"

"मग बोलली न्हाईस?"

"तुमी बोलला न्हाईत. मला वाटलं, इचारलं तर तुमी उठून जाल कुठंतरी."

तिच्यावर मला रागावता आलं नाही. पण मला हेही दिसलं की चुलतीनं माझ्या घरातसुद्धा एक उंबरा आखून ठेवला होता, आणि लक्ष्मी आणि मी त्याच्या दोन बाजूंना म्हातारे झालो. मी तेराव्या वर्षी मालट्रकमध्ये बसून त्या गावातून पळालो होतो. आता कळलं की मी फार लांब आलो नव्हतो.

मी जाणार म्हटल्यावर लक्ष्मीनं विचारलं नाही, काय बोलणार. इस्त्रीचा सदरा काढून दिला. धाराशिवहून गाडी निघाली, मी मागचा बाक धरला. ती शेजारी बसली आणि लोहाऱ्यापर्यंत सोयाबीनच्या खळ्यांकडं बघत राहिली. लोहाऱ्यातून जीप. गावात मांडव पडला होता, हलगी वाजत होती. हर्षाली, वीरभद्रची सून, मनमोकळी आणि कामाची बाई. ती मला खोल्या दाखवायला घेऊन गेली. गोठा होता त्याच जागी आता सिमेंटच्या दोन खोल्या. नवा रंग, नव्या सतरंज्या, भिंतीवर फळांची चित्रं. मी वास घेतला. चुन्याखालून पेंडीचा वास येतो की काय असं मला वाटलं. तो माझ्याच नाकात असणार. दाराकडं बघितलं. कडी बाहेरून होती.

"कडी बाहेरनं का?"

"पोरं आईच्या आठवणीनं रात्रीची पळतील, आण्णा. रस्ता जवळच आहे."

"आणि रात्री कोण असतं?"

"स्वयंपाकाच्या मावशी आठपर्यंत असतील. आमचं घर काय, हाकेवर आहे."

हाकेवर. मलाही घर हाकेवरच होतं. हर्षाली दुष्ट नव्हती, तिच्या डोळ्यांत खरंच आनंद होता. दुष्ट माणसाची गरजच नसते. बाहेरून कडी असली आणि विचारणारं कुणी नसलं की उलथनं आपोआप तापतं, हे त्या आनंदी बाईला कसं कळावं? आत येताना माझा विचार होता की जे माझं आहे तेवढं बोलावं आणि गाडी धरावी. त्या कडीनं ते बदललं.

माइक मांडवाच्या कडेला होता. म्हणजे समोर लोक आणि माझ्या मागं खुर्च्यांवर सभापती, वीरभद्र, गावचे मोठे लोक, हार घातलेला चुलतीचा फोटो. मी बोलायला उभा राहिलो आणि पाठ पेटली. सदऱ्याच्या आत एकेक डाग वेगळा कळत होता. समोर सतरंजीवर उद्या निघणारे आईबाप बसले होते, पोरं मांडीवर, बोचकी बांधून ठेवलेली. त्यांच्या मागं माझ्या वयाची म्हातारी माणसं. ती मला बघून हसत होती. कुणीतरी हळूच "मुडदुश्या" म्हटलेलं मी ऐकलं. मायेनंच म्हटलं होतं.

मी म्हणालो, "मला मुडदूस कधी झाला नव्हता."

हलगीवाला अजून हलगी पुसत होता, तो थांबला.

"मुडदुसाचे डाग पोटावर देतात. माझे पाठीवर आहेत. उलथन्याचे आहेत. इथं बसलेल्या म्हाताऱ्या माणसांना ते माहीत आहे." म्हाताऱ्यांनी माना खाली घातल्या. एका बाईनं पदर तोंडावर घेतला. मी त्यांच्याकडं बघणं सोडलं आणि सतरंजीकडं बघितलं. "तुम्ही उद्या ऊस तोडायला जाणार. मधनं कधी आलात तर पोराला नवा सदरा आणाल. माझ्या बापानंबी आणला होता. घालायच्या आधी जुना काढा आणि बघा. पुढनं बघा, मागनं बघा. डाग दिसला तर पोराला इचारा. पोर बोललं न्हाय तर घरच्याला इचारा. ताक दिलं तर पिऊ नका. आधी इचारा."

मला अजून बोलायचं होतं. पाटीबद्दल बोलायचं होतं, की ते नाव पोरांच्या डोक्यावर नको. पण मागून वीरभद्र उठला असावा. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. जोरात ठेवला नाही. बस करा, एवढंच म्हणायचं असेल त्याला. पण तो मागून आला होता आणि त्याचा पाय वाजला नव्हता. मी खाली बसलो. दोन्ही हात डोक्यावर घेतले, कोपरं कानांवर, मान आत. हे मी केलं नाही, ते झालं. बहात्तर वर्षांचा माणूस, इस्त्रीच्या सदऱ्यात, सगळ्या मांडवासमोर तसा बसला. माइक कुठंतरी कलंडून कुईं कुईं वाजत राहिला. वीरभद्र म्हणत होता, "आण्णा, मी हाय, आण्णा, मी हाय." त्याचा आवाज आठ वर्षांच्या पोरासारखा झाला होता. मला वाटतं, तेव्हा त्याला सगळं दिसलं. किंवा जे दिसलं होतं ते आठवलं.

कुणी उठलं नाही. मला माझ्याच कोपरांच्या फटीतून सतरंजी दिसत होती. त्यावरची एक बाई उभी राहिली. कमरेला पदर खोचलेला, काखेत पोर. तिनं सभापतींकडं बघितलं नाही, फोटोकडं बघितलं नाही. ती हर्षालीला म्हणाली, "बाई, रातच्याला पोरांपाशी कोण असतंय?"

हर्षालीनं वीरभद्रकडं पाहिलं. बाई उत्तराची वाट बघत उभीच राहिली. मग शेजारची दुसरी बसल्या जागेवरून म्हणाली, "आन कडी भाइरनं का हाय?"

मी डोक्यावरचे हात खाली घेतले.